वायरचा माउस

ताई: हे बघ. बघितलंस? पुन्हा अडकला.

धाकटा: हलवत राहा.

ताई: हलवतेच आहे. तू माझ्या हाताकडे काय बघतोस, स्क्रीनकडे बघ! बाण बघ, आजोबांच्या कानापाशी रुतून बसलाय. आणि आता... गेला. गेला बघ थेट कोपऱ्यात. बटण दाबलेलं असतं ना, तर कानाबरोबर टोपीही पुसली गेली असती.

धाकटा: कुठले आजोबा?

ताई: गिऱ्हाइकाचे. पाच वाजता त्यांची नात येणारेय फोटो न्यायला. घरात त्यांचा एवढा एकच फोटो, त्याचाही अर्धा चेहरा वाळवीनं खाल्लेला. एक डोळा मी तयार केला, कान अर्धा झालाय, हनुवटीला तर अजून सुरुवातच नाही. वीस वर्षं जुने फोटो दुरुस्त करतेय मी, पण एका कानात दोन दिवस कधी घालवले नव्हते.

भाऊजी: आता तूच बघ बाबा. गावभराचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस आणि सख्ख्या बहिणीचा एक माउस तुला ऐकत नाही.

धाकटा: भाऊजी, दुकानाला कुलूप लावून आलोय मी. एकेक करून बघू. सेल कधी बदलले?

भाऊजी: काल. मी स्वतः बदलले.

धाकटा: दोन्ही?

भाऊजी: एक.

धाकटा: एकच?

भाऊजी: दुसरा चांगला होता. बदली घातला तो भिंतीवरच्या घड्याळातून काढला. घड्याळ तर नीट चालत होतं.

ताई: म्हणून ते कालपासून सव्वादोनवर उभं आहे होय! आणि मी म्हणतेय, आज दुपार सरत कशी नाही.

भाऊजी: घड्याळाकडे आपण दिवसातून चारदा बघतो. माउस तू दिवसभर चालवतेस. गरज कुणाची मोठी?

धाकटा: एक भरलेला, एक उतरलेला असं कधी घालायचं नाही, भाऊजी. उतरलेला भरलेल्यालाही खाली ओढतो.

ताई: ऐकलंत?

भाऊजी: ऐकलं. आणतो दोन. पण सांगून ठेवतो, सेलानं काही होणार नाही. गेल्या महिन्यात दोन्ही नवेकोरे होते, तरी हेच रडगाणं.

धाकटा: थांबा, लगेच जाऊ नका. ताई, माउसखाली काय आहे हे?

ताई: वहीचा पुठ्ठा. टेबलावर काच आहे ना. तूच म्हणालास फोनवर, काचेवर माउस घसरतो.

धाकटा: बरोबर. पुठ्ठा ठीक आहे. मोबाइल जरा लांब ठेव. आता?

ताई: आता काय, तेच.

धाकटा: सेटिंग उघड. खाली जा. अजून खाली. वीज वाचवण्यासाठी मधूनमधून बंद करायची खूण आहे ना, ती काढ.

ताई: मी काढू? तू बस की या खुर्चीत.

धाकटा: तूच काढ. मी बसलो की तुझी खुर्ची खालीवर होईल, मग आठवडाभर ऐकवशील.

ताई: खूण काढायची तर बाण तिथपर्यंत पोचायला नको? चल... चल ना... अरे चल रे मेल्या! नाही, पुढं गेला. मागं ये. मागं... हां. काढली.

धाकटा: काही फरक?

ताई: काडीचा नाही. सकाळपासून मी हेच करतेय. वर गेलं की खाली जातो, खाली गेलं की बसून राहतो, आणि मी हात उचलला की मग शहाण्यासारखा चालायला लागतो. माझं डोकं फुटायची वेळ आलीय.

धाकटा: सीपीयू कुठंय?

भाऊजी: कपाटात.

धाकटा: कपाटात?

भाऊजी: लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. धूळ बसायची त्याच्यावर. बाजूला भोकं पाडून वायरी काढल्यात, प्रत्येकीला चिठ्ठी आहे. तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी, वायरींचा गुंता मला बघवत नाही.

धाकटा: आणि दार लावलेलं असतं?

भाऊजी: लावायलाच तर दार असतं.

धाकटा: अहो, माउसचा सिग्नल हवेतून जातो. लोखंडी दारातून कसा जाईल?

ताई: घ्या! म्हणजे सगळं यांच्या नीटनेटकेपणापायी...

भाऊजी: थांब, थांब. दार उघडं ठेवून बघितलंय आपण. चांगलं आठवडाभर. येताजाता माझा गुडघा आपटत होता. आठवतंय का?

ताई: ...हो. उघडं होतं. तरी हेच चाललं होतं.

भाऊजी: मग? सगळ्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडायचं ठरलेलं असतं या घरात.

धाकटा: तुम्ही सेल आणाच, भाऊजी. निदान तो विषय तरी मिटेल.

भाऊजी: दोन माउसला, एक घड्याळाला. नाहीतर ही मलाही सव्वादोनवर उभं करेल.

(भाऊजी पिशवी आणि यादी घेऊन निघाले, तीन सेल आणायलाही त्यांना यादी लागते. दार बंद झाल्याचा आवाज आला तशी ताईनं माउसवरचा हात काढला, मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात दाबून धरला.)

धाकटा: ताई, एक विचारू?

ताई: माउसबद्दल विचार.

धाकटा: माउसबद्दलच. चार महिन्यांत किती माउस झाले?

ताई: हा तिसरा.

धाकटा: तिन्ही बिनवायरचे. पहिल्या फोनला मी काय सांगितलं होतं? वायरचा एक लावून बघ. दोष कुठं आहे ते दोन मिनिटांत कळतं.

ताई: वायर मध्ये येते माझ्या.

धाकटा: विसातली पंधरा वर्षं तू वायरच्याच माउसवर काम केलंस.

ताई: तेव्हाही मध्येच यायची. बोलत नव्हते इतकंच.

धाकटा: बरं. माझ्या बॅगेत आहे एक. दोन मिनिटं...

ताई: नको.

धाकटा: दोन मिनिटं गं.

ताई: नको म्हटलं ना! त्या बॅगेची चेन उघडलीस तर बघ. सेल येऊ देत, सेल बदलू. नाहीतर चौथा आणू, चांगल्यातला.

धाकटा: चौथा आणून काय दिवे लागणारेत? अगं, मी दिवसभर लोकांपुढे हेच डोकं फोडत असतो, पण तुझ्यासारखं गिऱ्हाईक नाही बघितलं. बोलवायचं, आणि तपासू द्यायचं नाही! डॉक्टरला घरी आणून तोंडावर पांघरूण घ्यायचा प्रकार आहे हा. तिकडं दुकानासमोर लोक ताटकळलेत माझ्या.

ताई: मग जा ना. कुणी धरून ठेवलंय? तू आलास काय आणि न आलास काय.

धाकटा: ताई.

ताई: काय ताई?

धाकटा: वायरच्या माउसचं एवढं काय वाकडं आहे तुझ्याशी?

ताई: काही वाकडं नाही. हेच तर. त्याला सेल नाही, सिग्नल नाही, त्याला कपाटाचं दार आडवं येत नाही. त्याच्यावरही बाण थरथरला तर मी कुणाला नावं ठेवू?

धाकटा: म्हणजे?

ताई: आईचं आठवतं ना तुला? पहिल्यांदा चहा सांडला तेव्हा म्हणाली, कपाचा कान गुळगुळीत झालाय. नवे कप आणले. मग म्हणाली, हे जड आहेत. मग स्टीलचे आणले, तर म्हणाली स्टीलचा चटका बसतो. कपांचे चार संच झाले घरात. बाबा मुकाट आणून देत होते, आणि आपण दोघं हसायचो.

धाकटा: मी नाही हसायचो.

ताई: तूच जास्त हसायचास. तिच्यामागे उभा राहून नक्कल करायचास. किती वर्षांची होती ती तेव्हा?

धाकटा: बावन्न.

ताई: आणि मी किती वर्षांची?

धाकटा: ताई, तुझ्या डोक्यात हे...

ताई: मी किती वर्षांची, ते सांग.

धाकटा: बावन्न.

ताई: मग झालं तर.

धाकटा: काय झालं तर? डॉक्टरांना दाखवलंस?

ताई: तू दाखवलं असतंस?

धाकटा: माझं सोड.

ताई: का सोडू? बोलायला सोपं असतं रे. कळलेलं बरं, कळलेलं बरं! कळलं की संपलंच ना सगळं. मला दुसरं काय येतं? लोकांची मेलेली माणसं मी पुन्हा नीट करून देते, एवढंच येतं मला. डोळा, ओठ, कानाची पाळी. केसाएवढी रेघ इकडची तिकडं झाली की तो माणूस त्यांचा राहत नाही, भलताच कुणी होतो. थरथरत्या हाताचं काम नाही हे.

धाकटा: भाऊजींना माहीत आहे?

ताई: वेडा आहेस का? कळलं की माझ्या गोळ्यांना चिठ्ठ्या लावतील आणि दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतील. मी आज त्या मुलीला सांगणारेय, तुझा फोटो घेऊन जा, दुसऱ्या कुणाकडून करून घे. आणि उद्या दारावरची पाटी काढते. ठरलंय माझं.

धाकटा: एका माउसवरून?

ताई: तीन माउसवरून.

धाकटा: बरं, ऐक. मी बॅगेला हात लावत नाही. झालं? पण हे सुरू कसं झालं ते मला अगदी पहिल्यापासून सांग. पहिला दिवस.

ताई: एक लग्नाचा फोटो होता. नवरीच्या भुवया करत होते. बाण अडकला, आणि एकदम सुटला. भुवई पार कपाळभर गेली. मी बघतच राहिले.

धाकटा: मग?

ताई: मग सेल बदलले. दोन दिवस बरा चालला.

धाकटा: बरा म्हणजे? अजिबात अडकला नाही?

ताई: नाही अडकला. पण माझा जीव थाऱ्यावर होता कुठं? एकदा डोक्यात किडा वळवळायला लागला की झालं. म्हटलं, आपल्या हातून लोकांचं काही बिघडायला नको. म्हणून मग ती डिस्क लावून ठेवायला लागले.

धाकटा: कुठली डिस्क?

ताई: ती काळी, फोटोंच्या कॉप्या ठेवायची. आधी आठवड्यातून एकदा लावायचे, शनिवारी. आता दिवसभर असते. दर पाच मिनिटांनी आपोआप कॉपी होते, तूच नाही का शिकवलंस फोनवरून? मी घाण केली तरी पाच मिनिटांपूर्वीचा फोटो सुखरूप.

धाकटा: मी एकदा कॉपी कशी लावायची ते शिकवलं. दिवसभर लावून ठेव असं म्हणालो होतो?

ताई: आता माझ्यावर कशाला डाफरतोस?

धाकटा: डाफरत नाही. आधी कपाटाचं दार उघड. माउसचं ते नखाएवढं रिसिव्हर कुठं खोचलंय?

ताई: तिच्या शेजारी. यांनी जोड्या लावल्यात ना. वरती कीबोर्ड आणि प्रिंटर, खाली माउस आणि डिस्क. वाच की चिठ्ठ्या. खाली डावे, खाली उजवे.

धाकटा: निळ्या भोकांत?

ताई: दोन्ही निळ्या. का रे? असा काय बघतोस?

धाकटा: डिस्कचा दिवा लुकलुकतोय?

ताई: हो. कॉपी चाललीय.

धाकटा: हलव माउस.

ताई: अडकतोय.

धाकटा: हलवत राहा, दिव्याकडे बघ. थांबला की सांग.

ताई: चालूच आहे... चालू... थांबला. आता जरा... जरा बरा वाटतोय. की मलाच वाटतंय?

धाकटा: तुझ्या वाटण्यावर काही नको. डिस्क बंद करायची सूचना दे. आलं का, काढली तरी चालेल म्हणून? काढ मग. ओढ वायर.

ताई: मी? कपाटाला टेकून तू बसलायस.

धाकटा: तू काढ गं, दर गोष्टीला वाद नको घालूस!

ताई: काढली. ओरडतोस काय?

धाकटा: हलव आता.

ताई: ...

धाकटा: ताई?

ताई: अरे.

धाकटा: काय झालं? अडकला?

ताई: अरे, हा चालतोय. पाळीवरून फिरतोय बघ, वळणावरून. खाली. परत वर. थांब म्हटलं की थांबतोय.

धाकटा: पुन्हा कर.

ताई: दहा वेळा करते. बघ, बघ, बघ!

धाकटा: आता डिस्क परत लाव.

ताई: मेलं काहीतरीच. कशाला?

धाकटा: लाव. कॉपी सुरू कर आणि हलव.

ताई: ...अडकला. लगेच अडकला!

धाकटा: काढून टाक. हेच आहे, दुसरं काही नाही. असली डिस्क त्या निळ्या, वेगवान भोकात चालू असली की तिच्यातून बारीक गोंगाट बाहेर पडत असतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण माउसचा सिग्नल नेमका त्याच पट्टीतला. रिसिव्हर तिच्या कुशीत नेऊन बसवलं की त्याला माउसचं ऐकूच येत नाही. कानाशी मिक्सर चालू असताना तू मला हाक मारतेस, तसं. कपाटाचं दार उघडून उपयोग काय, मिक्सर आतच होता.

ताई: आणि पहिल्या दिवशी? तेव्हा तर डिस्क नव्हती.

धाकटा: पहिल्या दिवशी सेल संपत आले होते. बदललेस, बरा झाला. तिथंच संपलं होतं सगळं.

ताई: म्हणजे मी घाबरून डिस्क लावली...

धाकटा: हो.

ताई: ...आणि डिस्कमुळे अडकायला लागला, म्हणून आणखी घाबरले, म्हणून आणखी कॉप्या.

धाकटा: हो.

ताई: चार महिने! अरे, चार महिने मी पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पितेय. चष्म्याचं निमित्त सांगून सुईत दोरा यांच्याकडून ओवून घेतेय. कुणाकडे गेले तर चहा नको म्हणते, मी, चहाला! दोन गिऱ्हाइकं परत पाठवली मी. आणि ही काळी बया तिथं चिठ्ठी लावून मानानं बसलीय! आणि तू रे? तुला फोनवर कळू नये? सेटिंग बघ, सेटिंग बघ, एवढंच!

धाकटा: तू डिस्कचं कुठं सांगितलंस?

ताई: तू विचारलंस कुठं?

धाकटा: रडतेस कशाला आता?

ताई: रडत नाही. राग आलाय मला.

धाकटा: रिसिव्हरला हातभर लांबीची जोडवायर लावून ते टेबलावर आणून ठेव. आणि डिस्क शनिवारीच लाव, पूर्वीसारखी. चिठ्ठ्या भाऊजी बदलतील हौसेनं. चल, निघतो मी.

ताई: थांब. बॅगेतला तो वायरचा दे.

धाकटा: आता कशाला? चालला ना हा.

ताई: हा चालला. आता माझं काय ते मला बघू दे. दे इकडे. चार महिने ज्याला भ्यायले, तो आहे तरी कसा ते बघते.

धाकटा: बॅगेत उजवीकडे आहे. तूच घे.

ताई: हा? केवढा हलका आहे. कुठं खोचू, डिस्कच्या जागी, खाली उजवे? खोचला. आता कोरं पान घेते. ब्रश एकदम बारीक. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ... तू श्वास घे बघू आधी, तुझंच टेन्शन येतंय मला... झाली. झाली! बघ. मोठी करून दाखवते. अजून मोठी करते. कुठं आहे का नखाएवढी लाट?

धाकटा: नाही.

ताई: नीट बघून सांग. तोंडदेखलं नको.

धाकटा: नाही गं, ताई. सरळ आहे. अगदी सरळ आहे.

ताई: देवा. पाटी राहू दे मग. आता ये, बस इथं. तूही एक ओढ. शाळेच्या वह्यांना समास आखायचो ना आपण, पट्टीशिवाय? पैज लावून? दर वेळी तुझाच सरळ यायचा आणि मी चिडून पान फाडायचे.

धाकटा: लोक ताटकळलेत दुकानासमोर. आणि तुझा कान राहिलाय, पाच वाजता ती मुलगी येईल.

ताई: पाचला अजून दीड तास आहे. बस.

धाकटा: नको गं.

ताई: हरशील म्हणून घाबरलास? मी चार महिने जीव मुठीत धरून काढले आणि तुला एक रेघ जड झाली? मी उठते, घे ही खुर्ची. हां. धर. आता इथून तिथपर्यंत, थांबायचं नाही.

धाकटा: ...

ताई: हे काय? रेघेत लाटाच लाटा? अरे, मस्करी नको ना. नीट धर.

धाकटा: ...

ताई: मला हसवायला करतोयस, कळतं मला. नक्कल करायची खोड जायची नाही तुझी. पुरे झालं, आता सरळ ओढ.

धाकटा: सरळच ओढतोय, ताई.